सगुणेला पाबळला नेताना

यवतला एस.टी.तून उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि माझ्या हातात दादाने वहीच्या पानावर काढून दिलेला नकाशा होता. हमरस्ता, त्याला लागून ढाबा, ढाब्यामागे कालवा, कालव्यापलीकडे बाभळींची रांग आणि रांगेच्या टोकाला एक चौकोन. चौकोनात लिहिलं होतं, 'घोडी'.

मी देवरुखच्या शाळेत गणित शिकवते. आमच्या कोकणात घोडा म्हणजे लग्नाच्या वरातीसाठी बाहेरगावाहून आणलेलं जनावर, त्याच्याकडे लांबून बघायचं आणि मुलांना मागे ओढायचं. पण माझा थोरला भाऊ गेली दहा वर्षं शिरूर तालुक्यात पाबळला असतो. तिथे त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, आणि घोडी पाळायची ही त्याची फार जुनी हौस. यवतच्या एका म्हाताऱ्या धनगराशी त्याचं बोलणं झालं होतं. घोडी टेम्पोत चढत नाही, म्हणून दोघांनी तिला पायी पाबळला न्यायचं असं ठरलं होतं. आणि ऐन वेळी दादा वर्कशॉपच्या पत्र्यावरून पडला. मांडीपर्यंत प्लास्टर. त्याच्या मदतीला म्हणून रजा काढून मी पाबळला आले, तर चौथ्या दिवशी किराणा दुकानातल्या फोनवर निरोप आला: म्हाताऱ्याचा मुलगा सणसवाडीच्या कारखान्यात कायम झाला, सगळं घर तिकडे भाड्याच्या खोलीत जाणार, वस्ती बंद होणार, तेव्हा घोडी या आठवड्यात न्या.

"दुसरं कुणी नाही का?" मी दादाला विचारलं.

"आहेत की. पण ते म्हातारे आप्पा म्हणतात, घरातलंच माणूस पाहिजे. वाटेत ओळख होते."

दादाच्या घरात तेव्हा तो, मी आणि एक मांजर एवढेच होतो.

बाभळींच्या टोकाला खरोखरच एक पत्र्याचं घर होतं आणि अंगणात आप्पा बसले होते. सत्तरीच्या आसपासचा उंच, वाळलेला माणूस, डोक्याला लाल मुंडासं. मी ओळख सांगितली. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"सायब न्हाई आलं?"

"पाय मोडलाय त्यांचा. मी बहीण."

"घोड्यापाशी कवा गेलाय?"

"कधीच नाही."

"बरं हाय," आप्पा म्हणाले. "म्हंजी चुकीचं काय शिकलेलं न्हाई."

घराच्या मागे सावलीत सगुणा उभी होती. तांबूस अंग, कपाळावर चुन्याचं बोट ओढावं तसा पांढरा पट्टा. माझ्या अंदाजापेक्षा ती बरीच मोठी निघाली. मी जिथे होते तिथेच थांबले. आप्पांच्या घरात पूर्वी दीडशे मेंढरं होती. दिवाळीनंतर ती घेऊन ते कोकणच्या अंगाला उतरायचे आणि सगळं बिऱ्हाड (भांडीकुंडी, मेंढरं कोंडायची जाळ्याची वाघर, कोंबड्या, लहान पोरं) सगुणेच्या आणि तिच्या आईच्या पाठीवर असायचं. मेंढरं विकली, शेती केली, आता तीही खंडाने दिली. घोडी मात्र दोन वर्षं नुसती उभी. एक व्यापारी बघून गेला होता. त्याच्या हातातली छडी पाहून आप्पांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

"मागनं जायचं न्हाई. खांद्यापाशी या. आन् येताना बोलत या."

"काय बोलू?"

"काय बी. तिला कुठं कळतंय? तुमी कुठं हाय, तेवढं कळाया पायजे."

बावीस वर्षं जे बोलत आले तेच तोंडातून निघालं. "बे एके बे, बे दुणे चार," म्हणत मी पुढे सरकले. बे दाही वीस होईपर्यंत माझा हात सगुणेच्या खांद्यावर होता. कातडी गरम होती आणि बोटांखाली थरथरली. मी हात काढला नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी खरारा करायला शिकले, खूर उचलून त्यातला खडा काढायला शिकले आणि अगाडीची (पुढच्या पायांच्या दोरीची) गाठ चार वेळा चुकले. रात्रीच्या जेवणाला सुनेने बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. जेवताना आप्पांनी एकच गोष्ट बजावली. "वाटंत कुणी काय बी दील. नवं काय चारायचं न्हाई. घोड्याला वकता येत न्हाई बाई. आत गेलं ते गेलं."

मी मान डोलावली. वर्गातल्या मुली डोलावतात तशीच.

पहाटे फटफटताना निघालो. जानेवारीची थंडी, दोन्ही बाजूला ऊस, मधून गुऱ्हाळाचा गोड धूर. सगुणेच्या पाठीवर घोंगडी, आमच्या पिशव्या आणि भाकरीचं गाठोडं. आप्पा पुढे, मी शेजारी. राहू गावाच्या पुढे भीमेवर एक बंधारा लागला. एक गाडी जेमतेम जाईल एवढा अरुंद, कठडा नाही, आणि खालच्या मोऱ्यांतून पाणी धाडधाड सुटत होतं. सगुणेने चारही पाय रोवले.

मी दोरी ओढली. आप्पांनी ती माझ्या हातातून सोडवून घेतली आणि सरळ खाली बसले.

"वढायचं न्हाई. वढलं की तिला वाटतं, पुढं कायतरी वंगाळ हाय."

"मग?"

"बसा."

पाऊण तास आम्ही बसलो. आप्पांनी तंबाखू मळली. सगुणा पाण्याकडे बघत होती, कान पुढे-मागे करत होती, फुरफुरत होती. मग पलीकडून एक बाई डोक्यावर घासाचा भारा घेऊन आली, आमच्यासमोरून गेली, आणि थोड्या वेळाने मोकळी परत आली. ती बंधाऱ्यावर शिरली तशी सगुणा आपणहून तिच्या मागे निघाली. आप्पा उठून पळतच तिच्या बाजूला गेले. मी शेवटी. नदी ओलांडून शिरूर तालुक्यात पाय ठेवला तेव्हा माझ्या पाठीला घाम होता, आणि मला उगीचच फार शहाणं झाल्यासारखं वाटत होतं.

त्याच शहाणपणात मी घोटाळा केला.

दुपारी एका शेतावर थांबलो. मालकीण हिराबाई हरभरा उपटत होत्या. डोक्यावर पदर घट्ट खोचलेला, आवाज खणखणीत. "म्हातारं माणूस आन् घोडी घिऊन निघालाय, चहा न घेता कसं जाल?" म्हणून त्यांनी आम्हाला चिंचेखाली बसवलं आणि त्या घरात गेल्या. आप्पा गुडघे चोळत आडवे झाले आणि क्षणात घोरायला लागले. सगुणेने उपटलेल्या डहाळ्याकडे (घाट्यांसकटचा हिरवा हरभरा) मान लांब केली.

मी एक डहाळा तिच्यापुढे धरला. तिने ओठांनी तो अलगद ओढून घेतला आणि मग माझा रिकामा तळवा हुंगला. तिचे ओठ इतके मऊ असतील असं मला वाटलं नव्हतं. दोन दिवसांत पहिल्यांदाच ती आपणहून माझ्याकडे वळली होती. मी दुसरा डहाळा दिला. मग तिसरा. मग पेंढीच जवळ ओढून बसले. हिराबाई चहा घेऊन आल्या तेव्हा दुसरी पेंढी संपत आली होती. त्यांना वाटलं, घोडी हरभऱ्यावर वाढलेली असेल. मला आप्पांचं बोलणं आठवलंच नाही, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. आठवलं होतं. हिरवा पाला आहे, त्याने काय होतंय, असं वाटलं.

तासाभराने निघायचं म्हणून आप्पा उठले. सगुणा पुढच्या पायाने माती उकरत होती. तिने मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. वरचा ओठ मुडपला. थंडीतही तिची मान घामाने काळपट झाली होती.

आप्पांनी तिच्या कुशीला कान लावला. मग माझ्याकडे वळले.

"काय चारलं?"

क्षणभर वाटलं, काही नाही म्हणावं. "हरभरा. दोन पेंढ्या," मी म्हणाले. "माझ्या हातानं."

त्यांचा चेहरा असा झाला की ते ओरडले असते तर बरं, असं मला वाटलं. मग ते हिराबाईंना म्हणाले, "जनावराचा डाक्टर हाय का जवळ?" हिराबाईंनी नवऱ्याला हाक मारली आणि तो मोटरसायकल काढून तळेगावच्या रस्त्याला लागलासुद्धा.

"पोट धरलंय," आप्पा मला म्हणाले. "वारा कोंडलाय आत. आता हिला बसू द्यायचं न्हाई. बसली की लोळती, लोळली की आतडं पिळा खातं. मंग संपलं. चालवायची."

खळ्याभोवती आम्ही चालायला लागलो. आप्पा दोरीला, मी मागे. पाचव्या-सहाव्या फेरीला आप्पांचा गुडघा लचकला आणि ते खाली बसले. उठायचा प्रयत्न केला, पुन्हा बसले. सगुणेचे पुढचे पाय दुमडायला लागले होते.

"बाई! धरा!"

मी दोरी धरली. सकाळपर्यंत जिच्या अंगाला हात लावताना मी पाढे म्हणत होते, तिची मान मी दोन्ही हातांनी वर ढकलली आणि शाळेतल्या माझ्या सगळ्यात मोठ्या आवाजात ओरडले, "ऊठ! उठतेस की नाही?" ती उठली. मी चालायला लागले. ती माझ्या मागून आली.

किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही, आणि मोजणं हा तर माझा धंदा. उन्हं कलत होती. दर थोड्या वेळाने आप्पा बसल्या जागेवरून म्हणायचे, "ऐका," आणि मी थांबून तिच्या कुशीला कान लावायचे. धडधाकट घोड्याच्या पोटात सारखी गुरगुर चाललेली असते, पाणी वाहतंय अशी. सगुणेचं पोट गप्प होतं. कान काढून मी नुसती मान हलवायचे आणि पुन्हा चालायला लागायचे. तीनदा ती बसायला गेली, तीनदा मी तिला उठवलं. तिसऱ्या वेळी तिचं डोकं माझ्या खांद्यावर आदळलं आणि मी मातीत पडले. हिराबाईंनी मला उठवलं आणि एका हाताने तोपर्यंत दोरी धरून ठेवली. मग मी तिच्याशी बोलायला लागले. तेच, पाढे. बारा, तेरा, चौदा. एकोणतीसचा पाढा मला झोपेतही येतो, तो मी त्या दिवशी दोनदा चुकले.

डॉक्टर आले तेव्हा चार वाजून गेले होते. तरुण होते, चष्मा घामाने खाली घसरत होता. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, काय खाल्लं, किती, किती वाजता. मी सगळं सांगितलं. त्यांनी मानेत इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेल आणि औषध पोटात सोडलं. नळी जाताना सगुणा कापत होती आणि मी तिचा कान हळूहळू चोळत होते, आप्पांनी दाखवलं होतं तसा.

"आता?" मी विचारलं.

"आता वाट बघायची. लीद टाकली तर वाचली. चालवत राहा."

मी चालवत राहिले. एक फेरी. दुसरी. दहावी. आप्पा खळ्याच्या दगडाला टेकून बसले होते, डोळे मिटून. ओठ हलत होते. बिरोबाचं नाव घेत असावेत.

मग मी कान लावला आणि खोल कुठेतरी एक बारीकसा 'गुर्र' ऐकला. मला खरं वाटेना. दुसरा कान लावला. पुन्हा.

"आप्पा, बोलतंय! पोट बोलतंय!"

डॉक्टर धावत आले, त्यांनी स्टेथोस्कोप लावला, मान डोलावली. सगुणेने शेपूट उचलली. आधी एक लांबलचक आवाज झाला, असा की हिराबाईंच्या कोंबड्या उडाल्या, आणि मग खळ्यावर लीद पडली. वाफाळलेली, हिरवट, भरपूर.

आम्ही सगळे ओरडलो. डॉक्टर हसत सुटले. हिराबाईंचा नवरा टाळ्या वाजवत होता. हिराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवं, ल्येक झाला तवा बी घरात एवढा आनंद झाला न्हवता!" मी सगुणेच्या मानेला मिठी मारून रडत होते आणि तिच्या घामाने माझा पदर ओला झाला होता. आप्पा कसेबसे उठून लंगडत आले, तिच्या कपाळावर कपाळ टेकवून उभे राहिले. बराच वेळ.

संध्याकाळी ओसरीवर हिराबाईंनी आप्पांच्या गुडघ्याला एरंडाचं पान गरम करून बांधलं. मी विचारलंच. "आप्पा, तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"बोललो असतो," ते म्हणाले. "तुमी काय चारलं न्हाई म्हणला असता तर लई बोललो असतो. तुमी खरं सांगितलं, म्हणून डाक्टरला औषध कळलं." मग गुडघ्यावरचं पान दाबत, "म्या बी एकदा हिच्या आईला मोहाची फुलं चारलीत. तवा माझा बाप मला बोलला न्हवता."

दुसरा दिवस डॉक्टरांच्या सांगण्यावरून हिराबाईंकडेच काढला. सगुणेला थोडा थोडा वाळला चारा आणि कोमट पाणी. मी दिवसभर तिच्या आसपास होते. दुपारी ती उभ्या उभ्या डुलक्या घेत होती, खालचा ओठ लोंबत होता. इतकं साधं दृश्य बघून इतकं बरं वाटावं, याचं मला नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी तळेगावावरून शिक्रापूरला आलो. नगर रस्ता ओलांडायचा होता. ट्रक, कंटेनर, कारखान्यांच्या बसगाड्या, एकामागून एक. यूपीकडचा एक फळवाला आम्हाला बघून गाडा सोडून आला, "रुकिए माताजी," म्हणाला आणि रस्त्यात उतरून दोन्ही हात वर केले. एक ट्रक थांबला, मग दुसरा. सगुणेचं अंग ताठ झालं. मी तिच्या डोळ्याच्या बाजूने चालले, माझ्या अंगाची आडोशासारखी भिंत करून, आणि आम्ही पलीकडे गेलो. त्या फळवाल्याचे आभार मानायला वळले तर मध्ये पुन्हा ट्रकांची रांग होती. नुसता हात हलवला.

पाबळच्या रस्त्याला रहदारी कमी झाली. माळरान, मधूनच कांद्याच्या हिरव्या वाफ्यांची चौकट, लांब टेकड्या. एका बांधापाशी आप्पा थांबले.

"बसा आता."

मला वाटलं, पुन्हा काही अडलं. मी खाली बसायला लागले.

"खाली न्हाई. वर!"

बांधावरून मी सगुणेच्या पाठीवर बसले. साडीचा काचा मारला होता, हिराबाईंनीच सकाळी मारून दिला होता. पहिली दहा पावलं मी आयाळ दोन्ही मुठींत धरून डोळे मिटून होते. "सैल ऱ्हावा," आप्पा म्हणत होते, "पिठाच्या पोत्यागत." मी पोत्यागत झाले. मग तिच्या चालीची लय कमरेतून वर आली, आणि डोळे उघडले तेव्हा कुंपणांच्या पलीकडचं दिसत होतं: विहिरी, वाळत घातलेल्या मिरच्या, एक कुत्रा झोपलेला. बेचाळीस वर्षांत मी जग या उंचीवरून पाहिलं नव्हतं. सुमारे दोन मैल मी बसले. उतरले तेव्हा पाय इतके आखडले होते की आप्पांनीच हाताला धरून चालवलं.

दादा कुबड्या घेऊन फाटकात उभा होता. सगुणेने त्याचं प्लास्टर नीट हुंगलं आणि फुरफुरली. त्याने वर्कशॉपच्या पोरांकडून जुन्या पाइपांची चौकट जोडून, वर पत्रा आणि त्यावर उसाचं पाचट टाकून गोठा करून घेतला होता. आप्पांनी तो वाकून वाकून तपासला. पाइपांच्या टोकांवरून अंगठा फिरवला, एक टोक बोचरं निघालं तर दादाकडून तिथल्या तिथे कानशीने घासून घेतलं. टाकीतलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायले. जमीन टाचेने दाबून पाहिली. शेवटी मुंडासं काढून घाम पुसला.

"ऱ्हाईल हितं," ते म्हणाले.

चार दिवस ते राहिले. दादाला बसल्या जागेवरून, मला आणि वर्कशॉपच्या पोरांना सगुणेबरोबर फिरवून, जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो, ते सणसवाडीला, मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने देवरुखला. निघताना आप्पा गोठ्यापाशी गेले. सगुणा कडब्यात तोंड घालून खात होती. तिने कान हलवला, मान वर केली नाही. आप्पा थोडा वेळ थांबले आणि परत आले.

"खाती हाय," ते मला म्हणाले. "बरं झालं. न्हाईतर पाय निघाला नसता."

एस.टी.त त्यांना खिडकी दिली. पाबळ मागे पडलं तसे ते खिडकीतून मागे बघत राहिले. त्यांच्या आणि सगुणेच्या मध्ये आता एवढे सगळे कोस पडले, असंच माझ्याही मनात होतं. पायाखाली घालून आणलेला रस्ता तो. इतक्यात कंडक्टरने घंटी मारली आणि ओरडला, "शिक्रापूर, शिक्रापूर! सणसवाडीवाल्यांनी हितं उतरून गाडी बदला, ही तिथं थांबत न्हाई."

आप्पा दचकले. बाहेर पाहिलं, फळांचे गाडे, नगर रस्ता, ट्रक.

"आलं?"

"आलं की," मी म्हणाले.

"आत्ता तर बसलो!" त्यांनी माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. "किती झालं?"

"पाऊण तास."

"आन् हितनं सणसवाडी?"

"अगदी जवळ. दहा-पंधरा मिनिटं."

सत्तर वर्षं या माणसाने मुलूख पायांनी मोजला होता. पाबळ त्यांच्या हिशेबात एक अख्खा दिवस होतं, दुखऱ्या गुडघ्याने दोन. ते तसेच उभे राहिले, गाठोडं छातीशी धरून, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उलगडत गेला.

"एवढंच व्हय," ते म्हणाले. "मंग दर रईवारी ईन की म्या! पोराला सुट्टी नसली तरी येकटा ईन."

कंडक्टर म्हणाला, "आप्पा, उतरताय ना?"

"उतरतो, उतरतो," म्हणत ते पायऱ्या उतरले. खिडकीखाली येऊन मला म्हणाले, "बाई, तुमच्या गावाला किती येळ लागतो?"

"नऊ-दहा तास."

त्यांनी जरा विचार केला. आता दहा तासही त्यांना फार वाटले नसावेत. "मंग तुमी मे महिन्यात या," ते म्हणाले आणि रस्त्याच्या कडेने निघाले.

गाडी सुटली. पुणं यायच्या आतच माझा डोळा लागला.